बेबाबाईच्या रक्तातला आकडा

पारोळ्याजवळच्या एका खेड्यातली बेबाबाई बावीस वर्षं शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवायची. मिश्री लावायची सवय लग्नाआधीपासूनची. गालात आतून जखम झाली, ती चार महिने भरेना. धुळ्याच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला, तेव्हा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये एका बाजूचा जबडा गेला.

त्यानंतर ती मला भेटली. तोंडाच्या कॅन्सरच्या एका अभ्यासासाठी मी रक्ताचे नमुने घ्यायचे. अडखळत तिने विचारलं, "रगतमा काय शोधस तू, माय?"

"पेशीत मायक्रोआरएनए नावाचे अगदी छोटे रेणू असतात, अक्का. कोणतं प्रथिन किती बनू द्यायचं, याला ते आवर घालतात. त्यांचं प्रमाण बिघडलं की पेशी मोकाट वाढू शकते. आजार परत येत असेल तर रक्तात ते आधी दिसतं का, हे आम्ही बघतोय."

"मंग मी बरी व्हसू का?"

"नाही. तुम्हाला याचा उपयोग होणार नाही. त्यावरची औषधंही अजून प्रयोगातच आहेत."

 बाही वर सारत, नातींचा विचार करून ती म्हणाली, "ले. मनी रूपाले दोन पोरी शेतस."

दर दोन महिन्यांनी ती मुलीला, रूपाला, घेऊन यायची. पेजेवर जगत होती, तरी शाळेतल्या नव्या बाईची खिचडी पातळ होते म्हणून कुरकुरायची. पहिल्या नमुन्यापासून दहाव्या महिन्यात मानेत गाठ आली; आजार परतला होता. फाल्गुनात ती गेली.

सगळे नमुने गोठवून ठेवलेले होते. अभ्यास संपल्यावर जळगावच्या प्रयोगशाळेत ते एकदमच तपासले. बेबाबाईच्या आठव्या महिन्याच्या नमुन्यात एका मायक्रोआरएनएचा आकडा तिपटीने चढलेला होता. गाठ हाताला लागायच्या दोन महिने आधी.

रूपाला सांगावं की नाही, आठवडाभर ठरेना. शेवटी तिच्या घरी गेले आणि सांगितलं.

ती ऐकत राहिली. "तेव्हाच कळलं असतं तर आई वाचली असती का, ताई?"

"माहीत नाही. एका आकड्यावर डॉक्टर उपचार करत नाहीत. अजून शेकडो जणांचं रक्त तपासावं लागेल."

"पण तो आकडा तिच्या अंगात होता."

"हो."

तिने पदर तोंडाला लावला.  दोघी तशाच ओट्यावर बसून राहिलो, तिच्या पोरी शाळेतून येईपर्यंत.