डाव्या पायाचं मशीन

बायकोचा उजवा पाय लकव्यानं गेला आणि तिचं शिवणकाम सुटलं. दिवसभर भिंतीकडे बघत बसायची. मोटारीचं नवं मशीन मला झेपणारं नव्हतं, आणि मुलाकडे मागायचा माझा स्वभाव नाही. म्हणून कसबा पेठेत जुन्या मशीनच्या दुकानात गेलो.

तिथं एका मशीनचं पायडल फक्त डाव्या बाजूला गुळगुळीत झिजलेलं होतं. चाकावर दसऱ्याचं हळदकुंकू अजून ओलं वाटत होतं.

"ते नका नेऊ," दुकानदार म्हणाला. "एका पायानं अधू बाईचं होतं. ती वारली. आता कुणी दोन्ही पाय ठेवले की दोरा तोडतं. दोनदा परत आलंय."

"माझी बायको एकच पाय ठेवणार आहे. टेम्पोत चढवा."

"आता परत घेणार नाही, आजोबा."

"मी आणलं तर ना!"

घरी बायकोनं डावा पाय झिजल्या जागी ठेवला. मशीन जे पळालं, ते बाळाचं झबलं शिवूनच थांबलं. आमच्या घरात बाळ नाही.

"कुणासाठी गं?"

"कुणास ठाऊक. हातच तिकडे गेला."

हल्ली सकाळी तेल घालायला वाकलो की लोखंडी पायडल कोमट लागतं. बायको तेव्हा अंथरुणातच असते. मी उठवल्याशिवाय तिला उठता येत नाही.

शेवटी मीच विचारलं, "परत देऊन येऊ का?"

"राहू द्या हो," ती म्हणाली. "भिंतीकडे बघण्यापेक्षा दोघी मिळून शिवू."