सोजरची साक्ष

त्या संध्याकाळी आमी दोघं अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. कुणाच्या तरी शेतातून कडबा जळाल्याचा वास आला आणि माझ्या बायकोचे, सोजरचे, हात थांबले.

असाच कडबा जळाला, तेव्हा तिचा भाऊ गेला. निजामाचं राज नुकतंच गेलं होतं, पण कोर्टाचा कारभार उर्दूतच चालायचा. पाटलाची कडब्याची गंजी पेटवल्याचा आळ भावावर. आमच्या झरी गावाहून गाडी जुंपून आमी साक्षीला गेलो. मुन्सफाला मराठी येईना. तर्जुमा करायला, मराठीचं उर्दूत सांगायला, उभा केला कोण, तर पाटलाचाच कारकून! सोजर म्हणाली, "त्या राती भाऊ माझ्या घरी तापानं फणफणला व्हता. मीच उशाला बसले व्हते." लय वेळ बोलली. कारकुनानं एका दमात उरकलं. मुन्सफानं मान डोलावली अन् भावाला सजा ठोठावली. भाऊ जेलातच मेला.

"अवो, त्या कारकुनानं काय सांगितलं असंल?" इतक्या वर्षांनी तिनं पुन्हा विचारलं.

"मला काय ठावं? शेंगा फोड."

रात्री झोपेतच ती गेली. सकाळी तिरडी उचलायच्या आधी मी माणसं थांबवली आणि तिची साक्ष पहिल्यापासून मोठ्यानं सांगितली. एक शब्द गाळला न्हाई.