शंकासुर नंदामावशी

संशयी माणसाला आपण शंकासुर म्हणतो. पुराणातल्या शंखासुराचं नाव कुणा चावट माणसानं वाकवलं, की शंका आणि असुर यांची सरळ मोळी बांधली, देव जाणे. पण असं माणूस शेजारी राहत असलं की शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. आमच्या कुरवंड्यात नंदामावशी आहेत. दूधवाल्यासमोरच दूध हुंगतील, कुलूप लावलं तरी ओढून बघतील. शंकासुर हे नाव त्यांना सुनेनं, स्नेहलनं ठेवलं आणि आम्ही आनंदानं उचललं. आज हे हसत सांगता येतंय, एवढं बरं.

घरात गॅसचा गीझर आला तेव्हा मावशींनी मुलाला विचारलं, "कैलास, ही पेटी आत जळती, मग तिचा धूर कुटं जातो?" कैलास नुसता हसला. तेव्हापासून सून आंघोळीला गेली की मावशींची दारावर थाप पडायची. "स्नेहल, हायेस का गं?"

"आहे!" आणि पाठोपाठ बादली आपटल्याचा आवाज.

स्नेहल माझ्याकडे येऊन रडली. "काकू, आंघोळीलासुद्धा पहारा? मी कामशेतला माहेरी निघून जाईन." मला तिचंच पटलं. मावशींचा रागच आला होता.

जानेवारीत थंडी कडाक्याची पडली. स्नेहलनं बाथरूमची खिडकीही लावून घेतली. मावशींनी थाप मारली. उत्तर नाही.

"रागावलीय, आई. राहू दे," कैलास म्हणाला.

"रागावली असती तर बादली आपटली असती," मावशी म्हणाल्या आणि पहार घालून त्यांनी दार उचकटलं. ओरडा ऐकून मी धावले. स्नेहल फरशीवर निपचित पडली होती. तिला चादरीत गुंडाळून अंगणात, मोकळ्या हवेत आणलं आणि कैलासनं आम्हाला घेऊन गाडी लोणावळ्याच्या दवाखान्याकडे पळवली.

दुपारी डॉक्टर म्हणाले, "गीझरचा विषारी वायू कोंडला होता. आता धोका टळला." मी तिथंच बाकावर बसले. इतकं हायसं मला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं.

मावशींचा मात्र डॉक्टरांवर विश्वास नाही. स्नेहलचा ऑक्सिजनचा मास्क काढल्यावर त्या तिच्या नाकाजवळ तळहात धरून श्वास तपासत बसल्या. थोड्या वेळानं सिस्टर वैतागली. "आजी, हात काढा, तिला झोपू द्या."

स्नेहलनं डोळे न उघडताच तो हात धरून ठेवला.

"राहू द्या सिस्टर," ती म्हणाली. "आईंची खात्री होऊ दे."