हिरवी एसटी

नव्वदच्या दशकात मी नगरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. काम संध्याकाळी सुरू होई. सकाळ मोकळी असे आणि चित्रकलेची पदविका हाताशी होती, म्हणून गावाबाहेरच्या एका निवासी अंधशाळेत आठवड्यातून दोन दिवस मोझॅक शिकवायला जाऊ लागलो. फुटक्या टाइल्सचे तुकडे चिकटवून चित्र करायचे, असे ते काम. दुकानांतून फुटका माल पोत्याने मिळे.

पद्धत साधी होती. मोठ्या फळीवर मी चित्राची रेघ सुतळीने चिकटवून देत असे. मुले बोटांनी सुतळी चाचपत आणि तिच्या आत तुकडे बसवत. कडा आधीच दगडावर घासून बोथट केलेल्या असत. पहिले चित्र कशाचे करायचे हे मुलांनीच ठरवले. एसटीचे. सुट्टीत घरी नेणारी गाडी म्हणून ती सगळ्यांच्या ओळखीची. ती लाल असते आणि मधे पिवळा पट्टा असतो, हे जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांनाही पाठ होते.

रंगांचे डबे आठवीतल्या एका मुलीकडे होते. तिला थोडे दिसायचे. अशा मुलांना त्या शाळेत फार मान असे. रविवारी बाजारात निघालेल्या रांगेच्या पुढे तीच, मागच्याचा हात तिच्या खांद्यावर. ताटात माशी पडली का, शर्टाला डाग आहे का, हे तिला विचारायचे. तिच्याहून मोठी मुलेसुद्धा तिला ताई म्हणत.

जूनपासून ती नेवाशाकडच्या आपल्या गावी, तिथल्या हायस्कूलात जाणार होती. थोडे दिसणाऱ्याने डोळसांच्या शाळेत शिकावे, असे मुख्याध्यापकांचे मत होते. वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला होते. त्यांनी हायस्कूलात बोलून ठेवले होते. पहिलीपासून वसतिगृहात राहिलेली मुलगी घरी राहणार होती. वर्गात तिचे दुसरे बोलणेच नसे.

"आमची म्हैस आता व्याईल. धार मीच काढणार."

"त्याला दिसायला कशाला पाहिजे, ताई? आम्ही पण काढू."

"लाथ बसली म्हणजे कळंल तुला."

एक दिवस मी उशिरा पोचलो. मुलांनी काम सुरू केले होते. स्वयंपाकाच्या मावशी दारात उभ्या राहून फळीकडे बघत होत्या.

"सर, ही यष्टी कुठल्या डेपोची म्हनायची? अर्धी हिरवी हाय."

गाडीच्या मागच्या भागात गडद हिरवे तुकडे एकाला एक भिडवून नीट बसवलेले होते. आमच्या कचेरीत चूक छापून आली की पहिला प्रश्न ठरलेला असे: कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, तपासून कोणी सोडली? मी त्याच आवाजात विचारले, "हे तुकडे कोणी दिले?"

"ताईनं," दोघेतिघे म्हणाले. एक जण हसला. "ताई, चष्मा लाव आता."

"मी लालच दिलेत," ती म्हणाली.

मी एका डब्यातला तुकडा उचलून तिच्या चेहऱ्यासमोर धरला. "हा कोणता?"

तिने हात पुढे केला. मी तुकडा मागे घेतला. "हात लावायचा नाही. बघून सांग."

काय चालले आहे ते बहुतेकांना दिसत नव्हते, पण ऐकत सगळे होते. ती माझ्या हाताच्या जरा डावीकडे बघत होती.

"लाल," ती म्हणाली.

"पिवळा आहे," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू गेले.

शेजारी बसलेल्या लहान मुलाने विचारले, "ताई, तुला पण दिसंना का?" त्यात टोमणा नव्हता. डब्यांची झाकणे चाचपून ती एकेक लावत राहिली.

वर्ग सुटल्यावर मी पोती उपसून पाहिली. टाइलच्या पाठीवर पकडीसाठी उठावाची नक्षी असते, कंपनीगणिक वेगळी. आमच्या जुन्या मालात लाल टाइल्सच्या पाठीला बारीक चौकटी होत्या आणि हिरव्यांच्या पाठीला उभ्या रेघा. नव्या पोत्यात हिरव्या टाइल्स दुसऱ्या कंपनीच्या होत्या, आणि त्यांच्या पाठीला चौकटी होत्या. ती कधीपासून पाठी चाचपून रंग देत होती, ते मला कळले नाही. नवे पोते मीच आणले होते.

मुख्याध्यापकांनी वर्गातले ते बोलणे पलीकडच्या खोलीतून ऐकले होते. त्यांनी तिला सरकारी दवाखान्यात नेले. उरलेली नजर जात आली आहे, ती परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. हायस्कूलचा बेत रद्द झाला.

"तुमच्यामुळं वेळेत कळलं," मुख्याध्यापक मला मनापासून म्हणाले. ते कधी ना कधी कळलेच असते. एका खोलीत, दार लावून, तिच्या एकटीला विचारूनही कळले असते.

वर्गातल्या आणखी तिघांना थोडे दिसायचे. डब्यांवर कोण बसतो, असे मी विचारले. शेवटी त्यातल्या एकाला नाव घेऊन विचारले.

"मला नाही दिसत, सर."

आदल्याच आठवड्यात माझ्या सायकलच्या सीटला नवे निळे कव्हर घातले आहे, हे त्याने लांबून ओळखले होते. मग डब्यांवर मी बसलो. हिरवे तुकडे छिन्नीने काढून मुलांनी लाल बसवले. तीही त्यांच्यात होती. मुले तिला अजून ताईच म्हणत होती, पण बाजारात जाताना रांगेच्या पुढे आता एक शिक्षक चालत.

एप्रिलअखेर सुट्टी लागली. तिचे वडील तिला न्यायला आले तेव्हा मी व्हरांड्यात फळी टांगत होतो. ते शाळेच्या कचेरीतून सगळे ऐकून आले होते.

"दिवाळीत आलती तवा तांदूळ निवडायची," ते म्हणाले. "एक खडा ऱ्हायचा न्हाई. आमी म्हनलं, नजर सुधारली पोरीची." मग म्हणाले, "गावात समद्यांना सांगून बसलो. तिच्या आईनं दप्तर शिवलंय. आन ही म्हनती, सुट्टीतबी घरी येत न्हाई. लाज वाटती म्हनती. म्हशीला रेडी झाली म्हनलं, तरी न्हाई. तुमी पेपरात लिवता, सर. तुमाला बोलता येतं. जरा समजावा तिला."

ती पायरीवर पत्र्याच्या पेटीजवळ बसली होती. मी फळी भिंतीला टेकवून तिच्याकडे गेलो. काय बोलायचे ते ठरले नव्हते. माझ्या चपलांचा आवाज तिला ओळखू आला असावा. मी दोन पायऱ्या वर असतानाच ती उठली आणि तिने पेटीची कडी हातात घेतली.

"मी जाते घरी, सर," ती म्हणाली. "तुम्ही काही बोलू नका."

तिने वडिलांना हाक मारली. ते आले, पेटी डोक्यावर घेतली आणि तिचा हात आपल्या खांद्यावर ठेवला.

"बरं झालं, सर. तुमचं ऐकलं तिनं."

मी मान डोलावली. फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो नाही.