चार धुराड्यांची बोट

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात परत यावा म्हणून डॉक्टरांनी बोटांची बारीक कामं सांगितली होती. मी मटार सोलायला दिले, तर साफ नाही म्हणाले. जन्मभर गोदीत जहाजांचे आराखडे काढलेला माणूस. त्यांनी पुठ्ठा मागवला आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच विनाशिकेची, म्हणजे छोट्या युद्धनौकेची, प्रतिकृती करायला घेतली.

"फ्रेंचच का?" मी विचारलं.

"इंग्रजांच्या बोटी कशा इस्त्री केलेल्या. ह्या भांडून भांडून केल्यासारख्या दिसतात."

बोट अरुंद, पाण्याला टेकलेली. लाटा थेट अंगावरून जायच्या, म्हणून खलाशांना चालायला खांबांवर उचललेली फळ्यांची वाट. इंजिनं मधे, बॉयलर पुढे आणि मागे. त्यामुळे धुराडीही दोन पुढे, दोन मागे. नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी सारसोळ्याच्या खाडीकडून वारा यायचा, पडदे फुगायचे, आणि बाबा अडखळत त्या वाटेवरच्या खलाशांबद्दल बोलत राहायचे. ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा. आख्खी सोसायटीच हळूहळू कुठेतरी निघालीय असं वाटायचं. आजारपणातले असूनही ते दिवस मला फार आवडले.

महिन्याला एक धुराडं व्हायचं. पहिलं इतकं तिरपं झालं की मला बघवेना. माझा स्वभावच मेला तसा, भिंतीवरचं कॅलेंडर कललेलं चालत नाही. बाबा झोपलेले असताना मी ते सोडवून सरळ चिकटवलं.

चौथं लावल्यावर ते बराच वेळ बोटीकडे बघत बसले. मग कात्री बाजूला सारली. दोन दिवस व्यायाम नाही, जेवणही डाव्या हातानं. आजाराच्या सुरुवातीचं, पहिलं धुराडं लावल्याचंसुद्धा, त्यांना फारसं आठवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पहिलं बघ किती सरळ जमलं होतं. आणि हे चौथं. हात येत नाहीये गं, चाललाय."

चौथं जेमतेम कललं होतं.

"बाबा, पहिलं मी सरळ केलं. तुमचं वाकडं होतं."

चिडतील असं वाटलं. चिडले नाहीत.

"किती वाकडं?"

मी हाताचं बोट तिरपं धरून दाखवलं.

"एवढंच?"

"नाही. जास्त."

त्यांनी उजवा हात पुढे केला, माझं बोट मुठीत धरलं आणि आणखी खाली वाकवलं. "इतकं?"

"इतकं," मी म्हटलं. बोट चांगलंच दुखत होतं. मी सोडवून घेतलं नाही.