अमेरिका पान खायला गेली

“ताई, अमेरिका रुसली. आता तुम्हीच समजवा!” कळंबच्या कॉलेजातले सर स्टाफरूममध्ये आले ते असं म्हणतच. माझा चहा कपातच राहिला.

तुम्ही म्हणाल, ग्रामसेविकेचा अन् अमेरिकेचा काय संबंध? सांगते. कापसाचे ते वाईट दिवस. भाव पडलेला, त्यामुळे ग्रामसभा झाली की सरकारला एक ठराव जायचाच. लिहिणारी मी. सूचक म्हणजे ठराव मांडणारा, अनुमोदक म्हणजे त्याला दुजोरा देणारा, हे मी झोपेतही सांगितलं असतं. म्हणून कॉलेजनं संयुक्त राष्ट्रांची लुटूपुटूची सुरक्षा परिषद भरवली, तेव्हा पोरापोरींना ठराव लिहायला शिकवायचं काम सरांनी मला दिलं.

विषय होता इस्रायल-पॅलेस्टाईनचा. तिथं पुन्हा हिंसाचार भडकलाय, परिषदेनं काय करावं? पंधरा पोरं पंधरा देश झालेली. ठराव मांडणारी वर्षा, झरी जामणीकडची, होस्टेलात राहणारी. तिच्या वाट्याला एक लहानसा देश. ठराव मंजूर झाला तर ती नागपूरच्या स्पर्धेला जाणार, पडला तर इथंच खेळ खलास. पोरीनं लायब्ररीतले सगळे पेपर पालथे घातलेले.

हॉलमध्ये गेले. अमेरिका झालेला प्रशांत, एका कापूस व्यापाऱ्याचा पोरगा, तोंड फुगवून बसलेला.

“काय झालं रे बाबू?”

“पाहा न मावशी, मतदान व्हायच्या आधीच इनं खाली लिहून ठेवलं, ‘सर्वानुमते मंजूर’! मले इचारलं तरी काय? मी व्हेटो मारतो.”

व्हेटो म्हणजे नकाराधिकार. पाच बड्या देशांपैकी एकानंही ‘नाही’ म्हटलं की ठराव पडला, बाकीचे काही का म्हणेनात.

वर्षाच्या डोळ्यांत पाणी. “तुम्ही दिलेल्या नमुन्यातच तसं होतं जी, मावशी.”

होतंच की! आमच्या ठरावाची शेवटची ओळ सभेच्या आधीच तयार असते. मला हसू आवरेना. सरही हसत सुटले.

ती ओळ खोडली. तरी प्रशांत हटेना.

“एकाच बाजूचा निषेध कायले करता?”

वर्षानं डोळे पुसले अन् कागद पुढं ओढला. दोन्हीकडच्या सामान्य माणसांवरचे हल्ले थांबवा, लढाई थांबवा, दवाखान्यांत औषधं जाऊ द्या, असं नव्यानं लिहिलं.

“आता?”

“आता बरं हाये. पण माह्या दोस्त देशासमोर मी हात वर कसा करू?”

तेव्हा मला आमच्या गावचे नामदेवराव आठवले. सख्ख्या भावाला अडचणीचा ठराव आला की ते ‘हो’ही म्हणत नसत, ‘नाही’ही नाही. मतदानाच्या वेळी नेमके पान खायला बाहेर जात. ठराव मंजूर होई, भावाशी बोलणंही टिके. मी तर “या, झालं काय पान?” असं विचारूनच पुढचा विषय घ्यायची.

“सर,” मी म्हटलं, “तुमच्या परिषदेत पान खायला जाता येते काय?”

सर आधी चमकले, मग टाळी वाजवली. “येते न ताई! त्याले तटस्थ राहणं म्हणतात. तटस्थ म्हणजे व्हेटो नाही. बाकी नऊ मतं पडली की झालं.”

“म्हणजे मी नाही बी म्हणायचं नाही अन् हो बी नाही?” प्रशांतचा चेहरा खुलला.

“तू फक्त पान खा रे बाबा.”

वर्षा उभी राहिली. खणखणीत आवाजात ठराव वाचला. चौदा हात वर गेले. प्रशांतनं दोन्ही हात खिशात घातले, गाल फुगवला अन् पान असल्यासारखं चघळत छताकडं पाहत बसला. हॉल हसून हसून लोळायचा बाकी. ठराव मंजूर!

“आता लिहू काय मावशी, सर्वानुमते?”

“नाही वं माय. एक जण पान खायला गेलाय.”

वर्षा नागपूरला जाऊन आली. तिकडचं खरं भांडण काही मिटलं नाही, अन् आमच्या कापसाच्या ठरावांनाही उत्तरं आली नाहीत. पण मी एक शिकले. ठरावाची शेवटची ओळ शेवटीच लिहावी, अन् सभेचं दार नेहमी उघडं ठेवावं. कोणाला कधी पानाची तलफ येईल, सांगता येत नाही.