सिस्टरबाईंचा ऑफ

सिस्टरबाईंना मोर्चातून घरी जायची लाज वाटत नसे. आम्ही घसा फाडून घोषणा देत असायचो आणि बाई मनगटावरचं घड्याळ बघून शेजारणीला म्हणायच्या, "चाल, आपली ड्युटी झाली." वाटेत गोरसपाक बिस्किटांचा पुडा घ्यायच्या आणि आरामात घर गाठायच्या. मला राग यायचा. तेव्हा मला सगळ्यांचाच राग यायचा, आणि त्यालाच मी निष्ठा समजत होतो.

जन्मभर नर्स होत्या. रिटायर होऊन आमच्या नालवाडीत आल्या, तरी वॉर्ड काही डोक्यातून गेला नव्हता. वस्तीतल्या बुद्धविहारामागची मोकळी जागा दुकानांच्या इमारतीला देणार, असा सरकारी कागद आला आणि आम्ही तिथेच मांडव घालून धरणं धरून बसलो. बाईंनी पहिल्याच दिवशी खोक्याच्या पुठ्ठ्यावर ड्युटी-चार्ट आखला. कोण सकाळी, कोण दुपारी, आणि प्रत्येकाच्या नावापुढे आठवड्यातून एकदा लाल अक्षरात 'ऑफ'. मजुरीला जाणाऱ्या बाया तो चार्ट बघून हसायच्या. त्यांना जन्मात कोणी सुट्टी लिहून दिली नव्हती.

स्वतःच्या ऑफला बाई मांडवाकडे फिरकत नसत. शेवयांसारखे सरगुंडे करायच्या, त्यांच्यासोबत आमरस काढायच्या, जेवून पंख्याखाली झोपायच्या. एकदा मलाही बोलावलं. "बापू, ये जेवायले. आज तुहाही ऑफ टाकला मी."

"सिस्टर, जागा जाऊन राह्यली अन् तुमाले रस सुचून राह्यला?"

"जागा काऊन पाह्यजे रे मंग आपल्याले? पोरं खेळतीन, बाया निवांत बसतीन, म्हणूनच ना?"

मी जेवलो नाही. ताठ मानेने परत आलो.

दीड महिना मांडव भरलेला होता. मग बातमी आली, की आठवडाभरात कधीही ताबा घ्यायला येतील. कोणी दिसलं की थाळी वाजवायची, वस्ती धावून येईल, असं ठरलं. मी आंदोलन समितीचा सचिव. भर सभेत चार्ट फाडला आणि सांगितलं, आता कोणालाच ऑफ नाही.

बाई शांतपणे म्हणाल्या, "डबल ड्युटीवालीच्या हातून औषध चुकते, बापू. मी पाह्यलं हाय."

"तुमची पेन्शन चालू हाय, तुमचं काय जाते?" मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवसापासून बाई सकाळी येत त्या अंधार पडेपर्यंत बसत. बाकीचे मात्र गळत गेले. आधी मजुरीवाल्या बाया, मग पोरं, मग माझी बायकोही. सहाव्या दिवशी, मे महिन्याच्या भर दुपारी, मांडवात आम्ही दोघंच उरलो. "तू पड जरासा, मी हाय," त्या म्हणाल्या. मी आडवा झालो तो मेल्यासारखा झोपलो. जाग आली ती पत्रे ठोकायच्या आवाजाने. अर्ध्या जागेला कुंपण पडलं होतं. बाई खांबाला टेकून बसल्या होत्या, मांडीवर थाळी, आणि डोळा लागलेला.

"तीस वर्सांत ड्युटीवर कधी झोपली नाई मी," एवढंच बाई त्या दिवशी बोलल्या. पुढे मात्र विचारेल त्याला सांगत राहिल्या, "माह्या ड्युटीत झालं." वस्तीनेही तेच धरलं. चार्ट कोणी फाडला होता, हे कोणी काढलं नाही. मीही काढलं नाही, बरं पडलं मला ते.

दोन वर्षांनी त्या गेल्या. विहारात शोकसभा झाली. सचिव म्हणून मीच बोललो, आणि चांगलं बोललो. सिस्टरबाईंनी आयुष्यात कधी विश्रांती घेतली नाही, म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या.

सभा संपल्यावर त्यांची मुलगी जवळ आली. "दादा," ती म्हणाली, "आईले दुपारची झोप लय आवडे. जागा गेली तवापासून एकही दुपार नाई झोपली."